प्रयोग कुणाच्या पानावर?

२ जुलै २०२५, बुधवार

नेरूळच्या वाचनालयातून सीडी घरी आणल्या. एका बंद पडलेल्या मराठी मासिकाची वेब-आवृत्ती त्यांच्यावर आहे, १९९९ पासून २००४ पर्यंतची. छापील अंकांतले निम्मे पावसाळ्यांनी खाल्ले, त्यामुळे कथा, परीक्षणे, वाचकांची पत्रे यांची एकमेव प्रत आता हीच. पान उघडले की पडद्यावर रोमन अक्षरे, त्यांच्या डोक्यावर युरोपीय भाषांची टिंबे आणि टोप्या, मधूनच पौंडाचे चिन्ह, मधूनच उलटे प्रश्नचिन्ह. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी हे पाहून सीडी खराब झाल्या असेच धरले होते. सीडी ठणठणीत आहेत, एकही बाइट बदललेला नाही. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. ती होती फक्त फॉन्टमध्ये.

त्या काळी असेच चाले. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोज ९८ ला ती धड दाखवता येत नसे. 'मंगल' फॉन्ट आला तो विंडोज २००० बरोबर. मग प्रत्येकाने आपापला फॉन्ट घ्यायचा, त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, आणि वाचकाला सांगायचे की आधी हा फॉन्ट उतरवून घ्या. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसलेल्या माणसाला ते कुठून जमणार? १९९७ मध्ये दोन ब्राउझरांनी यावर दोन वेगवेगळे उपाय आणले. नेटस्केप ४ ने बिटस्ट्रीम कंपनीचे ट्रूडॉक हे तंत्र घेतले, त्याची फाइल पीएफआर. इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे आणले, त्याची फाइल ईओटी. पान उघडले की फॉन्ट आपोआप येई. याला 'डायनॅमिक फॉन्ट' म्हणत. या सीडींवर प्रत्येक अंकासोबत दोन्ही फाइली आहेत. संपादकांना दोन्हीकडचे वाचक हवे होते. या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मराठी पडद्यावर दिसावी म्हणून त्यांनी हाताला लागले ते सगळे वापरले.

पण २००० साली नेटस्केप ६ नव्या इंजिनावर आला आणि ट्रूडॉक गेले. ईओटी फाइल बनवताना तिच्यात साइटचा पत्ता बांधून ठेवता येई, म्हणजे फॉन्ट दुसऱ्या कुणी पळवू नये. पत्ता बदलला की तो लागत नसे. मासिकाचे डोमेन सुटले तेव्हा फॉन्टही सुटला. एक प्रयोग गुंडाळला गेला, दुसरा जुन्या पत्त्याला बांधलेला राहिला. भुर्दंड पडला मराठी वाचकाला.

४ जुलै, शुक्रवार

महापे, आमचे ऑफिस. कोपरखैरणे स्टेशनहून शेअर रिक्षा मिळेपर्यंत निम्मी भिजले.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना सुरक्षेच्या नोटिसा पुरवणारा एक क्लायंट आहे. नोटिसा इंग्रजीत येतात आणि कामगारांना मराठीत दिसायला हव्यात. क्रोमच्या १३८ व्या आवृत्तीत, म्हणजे गेल्याच महिन्यात, भाषांतराची सोय थेट ब्राउझरमध्ये आली. मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही, भाषेचे पॅकेज एकदा उतरते आणि काम त्याच मशीनवर होते. भाषांच्या यादीत मराठी आहे. टीममधले सगळे खूश. सर म्हणाले, "अनुवादकाचा खर्चच वाचला की! सोमवारी डेमो दाखवा."

डेमो छान चालतो. माझी हरकत डेमोला नाही. ही सोय तूर्त फक्त डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये आहे. फायरफॉक्समध्ये नाही, सफारीत नाही, आणि खुद्द क्रोममध्येही मोबाइलवर नाही. रबाळ्याच्या शॉप फ्लोअरवर कुणाच्या हातात डेस्कटॉप असतो?

हे सरांना सांगितले. ते म्हणाले, "येईल की हळूहळू सगळीकडे." येईलही. १९९७ मध्येही लोक असेच म्हणत असणार.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी टीव्हीवर पंढरपूर, दिवसभर कन्व्हर्टर.

मासिकाचा मजकूर जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणायचा म्हणजे नुसती अक्षराला अक्षर अशी बदली करून भागत नाही. जुना फॉन्ट दिसते त्या क्रमाने साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. आज अडले ते 'मार्मिक' या शब्दावर. सीडीवरच्या फाइलमध्ये तो असा आहे: म, काना, वेलांटी, म, रफार, क. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार अक्षर काढून झाल्यावर माथ्यावर चढवायचा म्हणून शेवटी. युनिकोडला हवे ते असे: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी उचलून 'म'च्या नंतर न्यायची आणि रफाराचा 'र' करून त्याच 'म'च्या आधी आणायचा. त्यात या फॉन्टात 'ग' असा पूर्ण नाहीच. आधी अर्धा ग, मग काना. मग 'गाव' लिहिताना दोन काने लागोपाठ येतात, आणि त्यातला पहिला हा काना नव्हेच हे प्रोग्रामला समजावून सांगावे लागते.

संध्याकाळी १९९९ च्या दिवाळी अंकातली एक कथा पहिल्यांदा मराठीत उघडली. शोध-खिडकीत कथेतले एक नाव टाकले आणि सापडले. ज्या काळात हा अंक वेबवर होता त्या काळात कुठल्याही शोधयंत्राला त्यातला एक मराठी शब्द सापडला नसता. यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग होती.

९ जुलै, बुधवार

आमची इंटर्न खारघरच्या कॉलेजातून आली आहे, हुशार आणि चौकस. एका जुन्या स्टाइलशीटमध्ये तिला एकच ओळ चार वेळा लिहिलेली दिसली, पुढे वेबकिट, मॉझ, एमएस आणि ओ असे उपसर्ग लावून. "ताई, हे कुणी आणि का लिहिलं असेल?"

तिला सांगितले ते इथेही लिहून ठेवते, कारण हा इतिहास आता कुणी शिकवत नाही. नवी सोय अजून कच्ची आहे हे कळावे म्हणून ब्राउझर तिच्या नावाआधी स्वतःचा उपसर्ग लावत. हेतू चांगला होता: वापरून पाहा, पण विसंबू नका. प्रत्यक्षात लोक विसंबलेच. आयफोन आल्यावर मोबाइलची पाने बनवणाऱ्यांनी फक्त वेबकिटचा उपसर्ग लिहायला सुरुवात केली आणि बाकीच्या ब्राउझरांत ती पाने मोडकी दिसू लागली. २०१२ च्या फेब्रुवारीत सीएसएस कार्यगटाचे तेव्हाचे सहअध्यक्ष डॅनिएल ग्लाझमन यांनी जाहीर हाक दिली की हे थांबवा, नाहीतर वेब पुन्हा एकाच इंजिनाच्या मालकीचे होईल. त्याच वर्षी ऑपेराने हात टेकले आणि दुसऱ्याचा, म्हणजे वेबकिटचा उपसर्ग स्वतः ओळखायला सुरुवात केली. २०१६ मध्ये फायरफॉक्सच्या ४९ व्या आवृत्तीनेही तेच केले. त्यातले काही उपसर्ग आज रीतसर प्रमाण दस्तऐवजात आहेत, कारण ते काढले तर जुनी पाने मोडतात.

एप्रिल २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून फुटून ब्लिंक हे इंजिन काढले तेव्हाच नवे उपसर्ग लावणार नाही असे ठरवले. कच्ची सोय आता फ्लॅगमागे ठेवतात. ज्याला पाहायची असेल तो आपल्या मशीनवर सेटिंग उघडून ती चालू करतो. रस्त्यावरच्या वाचकाला ती दिसतच नाही, त्यामुळे तिच्यावर कुणी दुकान थाटू शकत नाही.

१२ जुलै, शनिवार

वाचनालयात दुपारी कुणी नव्हते. काकांना कन्व्हर्ट झालेले दोन अंक दाखवले. वाचकांच्या पत्रांत त्यांच्याच एका जुन्या मित्राचे पत्र निघाले. ते त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचले. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे पुन्हा होणार नाही कशावरून? आज तू युनिकोडमध्ये घालतेस, उद्या ते बंद पडलं तर?"

योग्य प्रश्न. जमेल तसे उत्तर दिले.

युनिकोड एका कंपनीचे नाही आणि त्यात एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलत नाहीत. फॉन्ट पानासोबत पाठवण्याची जी सोय आज आहे ती सगळ्यांची मिळून आहे. खरे तर तिचा नियम १९९८ च्या सीएसएस २ मध्येच लिहिलेला होता, पण फाइल कोणत्या प्रकारची हे ठरले नव्हते. ते ठरेना, आणि पुढच्या सुधारित आवृत्तीतून नियमच काढून टाकला. २००८ मध्ये सफारीने साध्या फॉन्ट-फाइली घ्यायला सुरुवात केली, २००९ मध्ये फायरफॉक्सने. मायक्रोसॉफ्टने आपली ईओटी प्रमाण व्हावी म्हणून डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेकडे दिली होती, पण इतरांना ती मान्य नव्हती. अखेर २०१० मध्ये मोझिला, ऑपेरा आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून वॉफ हा नवा प्रकार मांडला आणि डिसेंबर २०१२ मध्ये तो डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाला. १९९७ ते २०१२, पंधरा वर्षे.

"पंधरा वर्षं!" काका म्हणाले. "आणि आता?"

आता क्रोममध्ये काही नवे आणायचे तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते: आम्ही हे करून पाहणार आहोत. मग प्रयोगाची सूचना, मग सर्वांसाठी खुले करण्याची सूचना, आणि त्या शेवटच्या पायरीवर ठरलेल्या जबाबदार मंडळींपैकी तिघांचा होकार. मोझिला आणि ॲपलची वेबकिट टीम आपापले मत उघडपणे लिहून ठेवतात: अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल. मधल्या टप्प्याला ओरिजिन ट्रायल म्हणतात, आणि मला त्याची रचना फार पटते. एखाद्या साइटने नाव नोंदवायचे, टोकन घ्यायचे, ते पानात घालायचे. मग त्या साइटच्या वाचकांना ती सोय दिसते. टोकनला मुदत असते. आणि क्रोममध्ये उघडल्या जाणाऱ्या एकूण पानांच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त वापर झाला तर सोय आपोआप बंद पडते. लोकप्रिय होण्याआधीच तिला आवर घालायची तरतूद. सवय लागली की मागे फिरता येत नाही, हे उपसर्गांनी शिकवले होते.

काकांना सगळ्यात आवडली ती वेब एसक्यूएलची हकिकत. ब्राउझरच्या आत छोटा डेटाबेस ठेवायची ही सोय अनेकांनी वापरली. पण ज्यांनी ज्यांनी ती बनवली त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हेच एक सॉफ्टवेअर बसवले. प्रमाण होण्यासाठी किमान दोघांनी स्वतंत्रपणे, केवळ लिहिलेला मसुदा वाचून, तीच गोष्ट बनवून दाखवायला हवी. तसे झाले नाही, म्हणून नोव्हेंबर २०१० मध्ये मसुद्यावरचे काम थांबवले आणि २०२३ मध्ये क्रोमनेही ती काढून टाकली. काका निवृत्त शिक्षक. त्यांना ते लगेच पटले. "म्हणजे एकाच वहीवरून सगळ्यांनी उतरवलं तर ते उत्तर बरोबर आहे असं धरायचं नाही."

१५ जुलै, मंगळवार

कन्व्हर्ट झालेल्या पानांवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत होते. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची नोंद केली, एमआर ही दोन अक्षरे, आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्टने लगेच मराठी वळण घेतले. फॉन्टात दोन्ही रूपे असतात. भाषा कोणती हे ब्राउझरने अक्षरजुळणीच्या इंजिनाला सांगायचे असते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी ल आणि श कसे असावेत ते ठरवून दिले आहे. कितीतरी मराठी साइटवर 'एमआर' ही नोंदच नसते, याचे वाईट वाटते.

१९ जुलै, शनिवार

अंकांची अकारविल्हे सूची करतो आहोत. इंटर्नही आज नेरूळला आली. शीर्षकाचे पहिले अक्षर घेऊन त्याखाली नोंद टाकायची, एवढेच काम. 'ज्योत्स्ना' या कथेचे पहिले अक्षर प्रोग्रामने काढले ते नुसते 'ज'.

जावास्क्रिप्टला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. त्यासाठी 'इंटल सेगमेंटर' ही सोय आहे: मजकूर द्या, वाचकाच्या डोळ्याला दिसणारे तुकडे परत घ्या. क्रोममध्ये ती २०२० मध्ये आली, सफारीत २०२१ मध्ये. फायरफॉक्समध्ये यायला एप्रिल २०२४ उजाडला. तिन्हीकडे आली तेव्हा कुठे तिच्यावर 'बेसलाइन'चा शिक्का बसला, आणि त्यानंतर ३० महिने गेले की ती सर्वत्र उपलब्ध धरायची. म्हणजे पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर.

पण तीही काकांच्या जुन्या फोनवर वेगळे उत्तर देते. याचे कारण आणखी एक थर खाली आहे. मजकुराचे तुकडे कुठे पाडायचे हे युनिकोडचा नियम सांगतो, आणि त्या नियमात हलन्तानंतर तुकडा पडत असे. 'ज्योत्स्ना'चे पाच तुकडे: ज्, यो, त्, स्, ना. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नवे कलम आले: व्यंजन, हलन्त, व्यंजन असे असेल तर मध्ये तोडू नका. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळमला ते लागू आहे. आता दोनच तुकडे: ज्यो, त्स्ना. मराठी शाळेत पहिलीच्या मुलाला विचारा, तोही दोनच सांगेल.

इंटर्नने विचारले, "एवढी साधी गोष्ट, मग इतका उशीर का?"

मला वाटते ते स्पष्ट लिहिते. त्या टेबलाशी आपली माणसे कमी होती. बँकेच्या ॲपमध्ये नाव टाकताना बॅकस्पेस दाबला की अर्धे जोडाक्षर उरते, जाहिरातीत अक्षरांमध्ये अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे होतात; हे रोज लाखो लोक पाहतात आणि पुढे जातात. नियम लिहिणारा माणूस वाईट नसतो. त्याच्यासमोर जे उदाहरण येते त्याचा तो विचार करतो. आपण उदाहरण नेले नाही तर नियम आपल्याशिवाय पक्का होतो, आणि एकदा पक्का झाला की त्यावर उभ्या राहिलेल्या पानांमुळे तो बदलणे दुरापास्त होते.

२३ जुलै, बुधवार

जुन्या पानांमुळे नियम बदलता येत नाहीत, याचाच पुरावा आज जेवणाच्या सुट्टीत निघाला. एका सरकारी खात्याच्या पानावर सरकती पट्टी दिसली आणि कुणीतरी विचारले, हे अजून चालते कसे? ती सरकती पट्टी, मार्की, इंटरनेट एक्सप्लोररची नव्वदीतली स्वतःची भर. आजच्या एचटीएमएल प्रमाणात ती कालबाह्य म्हणून नोंदलेली आहे, वापरू नका असे लिहिले आहे, आणि तरीही तिने कसे सरकायचे याचे वर्णनही तिथेच आहे, कारण त्या पट्टीवर निविदा आणि निकाल लावणारी पाने आजही आहेत.

आणि २०१८ चे ते प्रकरण. यादीतल्या याद्या उलगडून सपाट करणाऱ्या नव्या जावास्क्रिप्ट सोयीचे नाव 'फ्लॅटन' ठरले होते. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती घालताच एक जुनी साइट मोडली. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने त्याच नावाचे आपले काही आधीच जोडले होते. शेवटी नाव बदलून 'फ्लॅट' केले. जावास्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या इतक्या मोठ्या समितीने पडून राहिलेल्या जुन्या पानांसाठी नाव सोडले. मला यात मोठेपणा दिसतो. आपल्या मासिकाच्या पानांसाठी १९९७ मध्ये अशी समिती हवी होती.

२५ जुलै, शुक्रवार

क्लायंटची मीटिंग. मी मांडले ते असे: नोटिसांची मराठी माणसाने लिहायची, माणसाने तपासायची, आणि ती सर्व्हरवरून साध्या मजकुराच्या रूपात जायची, म्हणजे कुठल्याही फोनवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसेल. ब्राउझरचे भाषांतर ठेवायचेच तर वरची भर म्हणून: सोय आहे का ते आधी तपासायचे, असेल तर बांगला किंवा तेलुगूसाठी बटण दाखवायचे, नसेल तर काही बिघडता कामा नये. आणि बटणाशेजारी लिहायचे की हे यंत्राचे भाषांतर आहे. ॲसिडच्या टाकीवरची सूचना ब्राउझर कोणता यावर अवलंबून ठेवायची नाही.

सर सुरुवातीला नाराज होते. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसर बाईंनी एकच प्रश्न विचारला, "माझ्या माणसांच्या फोनवर आज चालेल का?" आज नाही, असे मी सांगितले. अनुवादकाची रक्कम मंजूर झाली.

३० जुलै, बुधवार

इंटर्नने तिची पहिली चाचणी पाठवली. वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स हा सगळ्या ब्राउझरांचा सामाईक संच आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्ही त्याच चाचण्यांतून जातात आणि निकाल कुणालाही पाहता येतात. तिच्या चाचणीत दोन पाने आहेत. पहिल्यात अगदी अरुंद चौकट आणि आत एक शब्द, जिथे गरज पडेल तिथे तोडण्याची परवानगी देऊन. दुसऱ्यात तोच शब्द हाताने योग्य जागी तोडलेला. दोन्हींची चित्रे तंतोतंत जुळली तर ब्राउझर पास.

शब्द निवडायला आम्ही काकांनाही बसवले. 'क्षमस्व', 'ज्योत्स्ना', आणि काकांनी आठवून दिलेला 'कार्त्स्न्य'. र, त, स, न, य असे पाच व्यंजनांचे एक जोडाक्षर, आणि जुन्या नियमाने त्या शब्दाचे सहा तुकडे होतात.

तपासणाऱ्याची सूचना दुपारी आली: फॉन्ट चाचणीसोबतच द्या, म्हणजे मशीनवर कोणता फॉन्ट आहे यावर निकाल ठरणार नाही. रास्त आहे. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला, या भाषेत आणखी काही खास प्रकार आहे का जो इतर भाषांच्या चाचणीत येत नाही? इंटर्नने 'दऱ्या' लिहून पाठवले. हा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त लावून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये जोडणारे अदृश्य चिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, आत वेगळे, आणि लोकांच्या कळफलकांवर दोन्ही प्रकार आहेत. म्हणून ती दोन चाचण्या लिहिते आहे. पहिली झाली. दुसरीत अदृश्य चिन्ह कुठे बसले हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून तिने क्रमांकांसह टीप जोडली आहे.

२००१ चा दिवाळी अंक अजून व्हायचा आहे. त्याचा फॉन्ट वेगळा निघाला, तक्ता नव्याने करावा लागेल.